निशाणी हलविणाऱ्या सज्जनांविषयी

जगाच्या व्यवस्थेला चोर, दरोडेखोर आणि बंडखोर यांच्याकडून जेवढा उपद्रव पोचला असेल, त्याहून कितीतरी अधिक उपद्रव तिला नीटनेटक्या माणसांकडून पोचलेला आहे, असे आमचे मत महसुली दप्तरांच्या दीर्घ सहवासात बनले असून ते आता बदलण्याचा संभव दिसत नाही. चोर हा आपल्या कृत्याविषयी निदान साशंक असतो. तो रात्री येतो, वहाणा काढून चालतो आणि चाहूल लागताच पळतो. नीटनेटका माणूस भर दुपारी येतो, चष्मा पुसतो, पूर्वीच्या कारकुनाने केलेल्या नोंदीत एक काना राहून गेल्याचे पाहून मनस्वी व्यथित होतो, तो काना देतो आणि कर्तव्यपूर्तीच्या समाधानाने घरी जाऊन झोपतो. या कान्याने 'राम'चा 'रामा' झालेला असतो, आणि गावात राम व रामा हे एकमेकांचे तोंड न पाहणारे सख्खे चुलतभाऊ असतात, ही गोष्ट वीस वर्षांनी दिवाणी न्यायालयात उघडकीस येते. त्या वेळी आमचा सत्पुरुष निवृत्तिवेतन घेत असतो आणि दोन्ही पक्ष आपापल्या वकिलांस पोसत असतात.

या जातीच्या माणसाने अलीकडे एका नव्या मुलखात वसाहत केली असून तिची वार्ता आम्हांस आमच्या भाच्याकडून कळते. हा भाचा पुण्यातील एका संगणक कंपनीत नोकरीस आहे, आणि गेली काही वर्षे कंपनीच्या परवानगीने व विजेच्या कृपेने तो मुरूम या आमच्या गावी माडीवर बसून ती नोकरी करतो. खाली रस्त्यावर मराठी आणि कानडी यांची सरमिसळ चालू असते, वर मराठी आणि इंग्रजी यांची. मधल्या जिन्यावर आम्ही बसतो आणि दोहोंकडचे जमेल तेवढे समजून घेतो.

संगणकाच्या आज्ञा लिहिणारी मंडळी आपल्या लिखाणाचे जे दप्तर ठेवतात त्यास रेपॉझिटरी, व लाडाने रेपो, असे म्हणतात. या दप्तराची थोरवी अशी, की त्यात आजवर झालेला प्रत्येक बदल, तो कोणी केला, कधी केला आणि करताना काय सबब सांगितली, यांसह जसाच्या तसा राहतो. सांप्रत बहुतेक ठिकाणी गिट नावाची पद्धत चालते. ती लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडच्या गृहस्थाने २००५ च्या एप्रिलात सुरू केली. तिच्यात प्रत्येक नोंदीस तिच्या मजकुरावरूनच, गणिताने, एक चाळीस अक्षरी क्रमांक प्राप्त होतो. मजकुरात एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी अख्खा क्रमांक बदलतो, म्हणजे हा क्रमांक लाच घेत नाही आणि कोणाची भीडही ठेवीत नाही. परंतु तो इतका रुक्ष असतो की मनुष्यमात्राच्या जिभेवर तो बसणे अशक्य. म्हणून ग्राहकाला द्यावयाची तयार आवृत्ती सिद्ध झाली की त्या क्रमांकास माणसे आपल्या सोयीचे एक नाव बांधतात, उदाहरणार्थ 'व्ही २.४'. या नावास टॅग म्हणतात. टॅग सविस्तर असेल तर त्यात बांधणाऱ्याचे नाव, तारीख, कारण, आणि हौस असल्यास डिजिटल स्वाक्षरीसुद्धा असते; साधा असेल तर तो म्हणजे चाळीस अक्षरे आणि ओळ संपल्याची खूण एवढ्याच ऐवजाची चिमुकली फाईल. कोट्यवधींचे करार, ग्राहकांच्या तक्रारी आणि कंपनीची अब्रू ही सारी त्या चाळीस अक्षरांवर उभी असतात. आणि क्रमांक गणिताने ठरलेला असला तरी नाव माणसाने बांधलेले असते, व जे माणसाने बांधले ते माणसाला सोडताही येते. आमच्या प्रस्तुत विषयाचे मूळ इथे आहे.

भाच्याच्या कंपनीत घडले ते असे. एका ग्राहकास व्ही २.४ रवाना झाल्यावर एका तरुण अभियंत्याच्या ध्यानी आले की मदतीच्या पानावर एका इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग चुकले आहे. मुलगा संस्कारी, त्यास राहवेना. त्याने स्पेलिंग सुधारले, जुना टॅग काढून टाकला आणि त्याच नावाचा टॅग नव्या नोंदीवर बांधून मोकळा झाला. मात्र जुन्या आणि नव्या नोंदींच्या मध्ये दुसऱ्या कोणा सहकाऱ्याचे अर्धवट शिजलेले काम येऊन बसले होते, तेही टॅगाबरोबर आत आले. दुसऱ्या ग्राहकाने व्ही २.४ घेतली ती ही. मग पहिला म्हणे, व्ही २.४ उत्तम चालते. दुसरा म्हणे, व्ही २.४ हिशेब चुकवते. आणि कंपनीतील ज्यांच्या यंत्रावर जुना टॅग आधीच उतरलेला होता ते शपथेवर सांगत की आमच्याकडे तर काहीच बिघाड नाही. सर्वच पक्ष खरे बोलत आहेत आणि तरीही एकाचा दुसऱ्याशी मेळ बसत नाही, असा खटला आमच्या पाहण्यात दिवाणी न्यायालयातसुद्धा विरळा. अखेर उलगडा झाला तेव्हा त्या तरुणाने जे उद्गार काढले ते भाच्याने आम्हांस आपल्या उमरगा तालुक्याच्या बोलीत करून ऐकविले: "बदललंच काय वो? एक स्पेलिंग तर होतं!"

या एका उद्गारात समस्त कारकुनी इतिहास सामावला आहे. आजतागायत कोणीही, कोठेही, काहीही बदललेले नाही. सर्वांनी एक स्पेलिंग तेवढे दुरुस्त केले आहे.

आमच्या मराठवाड्यात जमिनीचा कोणताही तंटा घ्या, तो फिरत फिरत शेवटी १९५४-५५ च्या खासरा पहाणी पत्रकापाशी येऊन टेकतो. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्यापूर्वीचे दप्तर उर्दू-फारसीत, सेतवार निराळे, इनामांच्या मुंतखबी निराळ्या, आणि त्या वाचणारे जाणकार दिवसेंदिवस दुर्मिळ. अशा स्थितीत शेतोशेत पाहणी होऊन कोण कसतो, काय कसतो, याची जी नोंद झाली ती पुढील सर्व व्यवहारांस आधार ठरली. त्या पत्रकात चुका नसतील काय? विपुल असतील. बेन्नीतुरेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीत पहाणीला आलेला कारकून गुडघाभर चिखलातून शेताच्या मध्यापर्यंत गेला असेलच, असे आम्ही छातीठोकपणे सांगणार नाही. पुष्कळदा त्याने बांधावर उभे राहून, पाटलाने सांगितले ते लिहून घेतले असेल. परंतु ती चूकदेखील १९५४ ची आहे, आणि त्यामुळेच ती पुरावा आहे. उद्या एखाद्या सुविद्य अधिकाऱ्याने त्या पत्रकातील सर्व प्रमाद सुधारून त्याची निर्दोष प्रत सिद्ध केली, तर तिचे मोल रद्दीच्या भावाहून अधिक राहणार नाही. कारण मग ती १९५४ विषयी काही सांगणार नाही, त्या अधिकाऱ्याच्या विद्वत्तेविषयी मात्र सांगेल.

जुन्या महसुली शिरस्त्याला हे पक्के ठाऊक होते, म्हणून त्याने खाडाखोडीचा मार्गच ठेवला नाही. सातबाऱ्यावरील नाव कमी करावयाचे तर ते खोडत नाहीत. त्याला कंस करतात, शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक घालतात आणि नवे नाव खाली लिहितात. जुने नाव कंसाच्या आतून, बंदिवान राजासारखे, पुढच्या पिढ्यांकडे पाहत राहते. फेरफार नोंदविण्यापूर्वी हितसंबंधीयांस नोटीस, नोटिशीनंतर हरकतीची मुदत, मुदतीनंतर मंडळ अधिकाऱ्याचे प्रमाणन. इतक्या दारांतून जाताना बदलाचा उत्साह बराचसा ओसरतो, आणि तो ओसरावा हाच त्या दारांचा हेतू आहे. हात चुकून झालेल्या गफलतींसाठी १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमात कलम १५५ आहे; त्याअन्वये लेखनप्रमाद तेवढा दुरुस्त करता येतो. लेखनप्रमाद हा शब्द विधिमंडळाने अत्यंत साध्या मनाने घातला असावा. व्यवहारात मात्र अर्जदाराच्या मते शेजाऱ्याचे अख्खे शेत हा एक लेखनप्रमादच असतो. आणि शेताच्या हद्दीवरील निशाणीचा दगड जाणूनबुजून हलविणाऱ्यास त्याच अधिनियमाने प्रत्येक निशाणीमागे शंभर रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. १९६६ साली ही रक्कम धाक बसण्याजोगी होती. आज एकरी बाजारभाव पाहता तो दंड नसून अत्यंत वाजवी फी आहे.

गिट या पद्धतीचे कर्ते आमच्या तहसिलात कधी येऊन गेल्याचे ऐकिवात नाही, तथापि त्यांनाही अनुभवाने हीच अक्कल आलेली दिसते. २०१३ पर्यंत असे होते की स्वतःच्या यंत्रावर पुढे सरकविलेला टॅग मध्यवर्ती दप्तरात धाडला असता, तो जुन्या जागेच्या पुढचाच असल्यास, तो निमूटपणे स्वीकारला जाई. १.८.२ या आवृत्तीपासून असा टॅग नाकारला जाऊ लागला. हलवायचाच असेल तर 'फोर्स', म्हणजे बळजबरी, असे स्पष्ट शब्दांत मागावे लागते. मध्यवर्ती दप्तरातून आपल्याकडे उतरवून घेताना मात्र आपला जुना टॅग न विचारता पुसला जाणे हे त्यानंतरही चालूच राहिले, आणि ती खिडकी २०१८ च्या अखेरीस २.२० या आवृत्तीत बंद झाली. गिटच्या नियमपुस्तकात तर हलविलेल्या टॅगांविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्याचा आशय असा, की चुकीचा टॅग जगास दिला असेल तर शहाण्याने चूक कबूल करून नव्या नावाने नवा टॅग काढावा. याउपर तेच नाव पुन्हा वापरण्याची दुर्बुद्धी कोणास झालीच, तर निदान प्रत्येकास पत्र पाठवून कळवावे. पुढे त्या माफीपत्राचा मसुदाही छापलेला आहे! ज्या शास्त्राच्या ग्रंथात अपराधाबरोबर कबुलीजबाबाचा तयार नमुना दिलेला असतो, त्या शास्त्राचे कर्ते मनुष्यस्वभावाचे चांगले जाणकार असले पाहिजेत.

याहून जुनी सबव्हर्जन नावाची एक पद्धत आहे, तिची पहिली पक्की आवृत्ती २००४ ची. पुष्कळ कंपन्यांत ती अद्याप नांदते. तिच्यात टॅग ही वस्तूच नाही. 'टॅग्ज' नावाचा एक साधा कप्पा असतो, त्यात आवृत्तीची नक्कल ठेवतात, आणि तिला कोणी हात लावू नये ही निव्वळ रूढी. बंदोबस्त हवा असेल तर दप्तराच्या दाराशी एक पहारेकरी आज्ञावली बसवावी लागते. येणाऱ्या प्रत्येक बदलाची झडती घेऊन ती या कप्प्यात नवी नक्कल ठेवू देते, पण असलेल्या नकलेत ढवळाढवळ दिसली की संपूर्ण बदल परत फिरवते. हा पहारेकरी सर्व पुस्तकांत शिफारसलेला असतो, आणि तो पहिला अपघात झाल्याच्या दुसऱ्या दिवशी बसविला जातो. भाचा म्हणतो, त्यांच्याकडेही तसेच झाले.

नाव हलविणे सर्वथा निषिद्धच आहे, असा मात्र आमचा आग्रह नाही. तसे म्हणण्यास आम्ही चुकीच्या जिल्ह्यात जन्मलो. हा जिल्हा पूर्वी नळदुर्गचा, मग उस्मानाबाद, आणि २०२३ पासून धाराशिव. नामांतराच्या वादात शिरण्याची आमची इच्छा नाही. आम्हांस कौतुक आहे ते एवढ्याचेच, की मंत्रिमंडळाचा ठराव, केंद्राची मंजुरी, राजपत्र, हरकती, न्यायालय असे सर्व सोपस्कार होऊन नाव बदलले, तरी गाड्यांवरचे एम.एच.-२५ जागचे हलले नाही. परिवहन खात्याने गणिताने मिळालेला क्रमांक आणि माणसाने बांधलेले नाव यांतील भेद, गिटचे नावही न ऐकता, बरोबर जाणला. आमच्या गावाहून उमरग्यास जाणारी एखादी जुनी जीप आजही मागच्या फळीवर एक नाव आणि पुढच्या काचेवर दुसरे नाव मिरवीत धावते; तिचा पत्ता मात्र क्रमांकावरून अचूक लागतो.

दुसरे उदाहरण थट्टेचे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे क्षणार्धात भुईसपाट झाली, आणि बावन्न गावे उठून नव्या जागी वसविली गेली. गावाचे नाव लोकांबरोबर नव्या गावठाणात गेले. पण जुन्या जागेचे नाव कोणी पुसले नाही. तिला जुनी किल्लारी म्हणतात, आणि पत्ता विचारणाऱ्यास आजही आधी 'जुनी का नवी' असा उलट प्रश्न येतो. जे हलले ते सर्वांच्या देखत हलले, आणि पूर्वी कोठे होते ते नावात राहिले.

परंतु जिथे कुलूप आले तिथे किल्ली आली, आणि किल्ली आली की ती कोणाकडे असावी यासाठी बैठक आली. गिटलॅब नावाच्या व्यवस्थेत २०१७ पासून संरक्षित टॅगांची सोय आहे: 'व्ही'ने सुरू होणारी सर्व नावे एका तारांकनाने बंदिस्त करता येतात, ती कोणी निर्माण करावी हे ठरविता येते, आणि निर्माण झाल्यावर ती कोणासही हलविता येत नाहीत. फक्त 'मेंटेनर' म्हणून नेमलेल्यांस ती पडद्यावरून काढून टाकता येतात. भाच्याच्या कंपनीत ही योजना जाहीर होताच प्रत्येक मनुष्य आपण मेंटेनर का असावे याची कैफियत घेऊन उभा राहिला. एकास रात्री काम पडते, दुसरा सर्वांत जुना, तिसऱ्यास पूर्वी कधी गरज पडली नाही परंतु पडली तर काय, ही धास्ती. महिना अखेरीस त्या यादीत झाडून सर्वांची नावे होती, आणि वगळलेला एकच इसम कोण, तर ज्याने स्पेलिंग सुधारले तो. म्हणजे या अफाट फौजेत टॅग हलविण्याचे दुष्परिणाम स्वानुभवाने जाणणारा जो एकमेव माणूस, त्याच्याच हातून किल्ली काढून घेण्यात आली.

आणि किल्ली चोराच्या हाती लागली तर काय होते, तेही मग दिसले. १४ मार्च २०२५ च्या सुमारास गिटहब या रेपोंच्या सार्वजनिक कोठारात टीजे-ॲक्शन्स या खात्यावर असलेल्या एका लोकप्रिय उपकरणाचे जुने टॅग कोणी हल्लेखोराने एका दुष्ट नोंदीकडे वळविले. तेवीस हजारांहून अधिक रेपो हे उपकरण वापरीत. त्यांपैकी जी त्या वेळी टॅगाच्या नावावर विसंबून चालली त्यांच्या कामाच्या नोंदवहीत त्यांच्याच गुप्त किल्ल्या छापून येऊ लागल्या. ज्यांनी नावाऐवजी तो रुक्ष चाळीस अक्षरी क्रमांक लिहून ठेवला होता ते बहुतांशी बचावले. यावर भाच्याचे भाष्य असे, की चोराने नवीन काहीच केले नाही. सज्जन मंडळी रोज जे करतात तेच त्याने एकदा मनापासून केले.

आता या सर्वांवर आमच्या पूर्वजांनी योजिलेला उपाय सांगतो. अलिबागजवळ आक्षी येथे शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा मानला जाणारा शिलालेख आहे. तो शिलाहारांच्या काळचा. आणि शिलाहार राजे स्वतःस तगर नगरीचे स्वामी म्हणवीत, ते तगर म्हणजे आमच्याच जिल्ह्यातील तेर, तेव्हा त्यांच्या पराक्रमात आमचाही थोडा वाटा धरण्यास प्रत्यवाय नसावा. या आणि पुढील काळच्या दानलेखांत, दिलेल्या दानात जो कोणी फेरबदल करील त्यास गाढवाची शिवी दिलेली असते. अशा दगडांस गद्धेगाळ म्हणतात, आणि पुष्कळ ठिकाणी वाचता न येणाऱ्यांच्या सोयीसाठी चित्रही कोरलेले असते. सदरहू गाढव आणि दान मोडणाराची माता यांच्या संबंधाविषयी शिल्पकार जितका स्पष्ट आहे तितके स्पष्ट होणे आम्हांस या वयात शक्य नाही. ताम्रपटांचा मार्ग अधिक सोज्ज्वळ. भूमिदान करणारा साठ हजार वर्षे स्वर्गात राहतो, आणि दिलेली भूमी, स्वतः दिलेली असो की दुसऱ्याने, जो हिरावून घेईल तो तितकीच वर्षे विष्ठेतील कृमी होऊन राहतो, अशा अर्थाचे व्यासांच्या नावावरील श्लोक ताम्रपटांच्या शेवटी वारंवार येतात. त्यातील बारकावा पाहा: 'स्वतः दिलेली असो' हे शब्द मुद्दाम घातले आहेत. ज्याने टॅग बांधला त्यालाही तो हलविण्याचा अधिकार नाही, हे कलम गिटलॅबला सुचण्याच्या हजार वर्षे आधी तांब्यात कोरून ठेवलेले होते.

योग असा, की दप्तराच्या दाराशी बसणारी ती पहारेकरी आज्ञावली बदल नाकारताना त्या माणसाच्या पडद्यावर चार ओळींचा संदेशही दाखवू शकते, आणि तो संदेश लिहिण्याचे काम भाच्याकडे आले. त्याने ते आमच्याकडे दिले. आम्ही आक्षीचा लेख व ताम्रपट दोन्ही समोर ठेवून, शक, तिथी, आचंद्रार्क, राजमुद्रा इत्यादी सर्व अंगांनी युक्त असा मसुदा सिद्ध करून वर पाठविला. कंपनीच्या मनुष्यबळ विभागाने तो वाचून पहिल्याच बैठकीत गाढव काढून टाकले. कामाच्या ठिकाणच्या वर्तनाविषयीचा कायदा त्यांनी पुढे केला आणि त्यापुढे आम्ही निरुत्तर झालो. कृमीवर हरकत नव्हती. मात्र साठ हजार वर्षे हा कालावधी कंपनीच्या कोणत्याही धोरणात बसत नाही, कर्मचाऱ्यास त्या मुदतीत कोणत्या श्रेणीवर धरावे हेही अनिर्णित राहते, असा शेरा आला. दोन बैठकांनंतर कृमियोनीची मुदत नोटीस पिरियडइतकी, म्हणजे नव्वद दिवसांची, करण्यात आली, आणि व्यवस्थापकाच्या पूर्वसंमतीने ती तीस दिवसांवर आणता येईल, अशी तळटीप जोडून संदेश अंमलात आला.